विश्लेषण : मुंगी मारायला हेलिकॉप्टर! ऑस्ट्रेलियाची २००१ पासूनची मोहीम अजून का संपत नाही?

लांबी जेमतेम २ ते ६ मिलिमीटर. पण या मुंगीसाठी हेलिकॉप्टर, ड्रोन, वासावरून वारूळ हुडकणारी कुत्री आणि कोट्यवधी डॉलर, असा सगळा फौजफाटा कामाला लागला आहे. ‘रेड इम्पोर्टेड फायर अँट’ फेब्रुवारी २००१ मध्ये ब्रिस्बेनमध्ये सापडली, तेव्हापासून ऑस्ट्रेलियाचे सरकार तिच्या मागे आहे. ती मात्र अजून तिथेच आहे. अडचण औषधाची आहे की तिजोरीची?

एवढी भीती कशाची?

मूळची दक्षिण अमेरिकेतली ही मुंगी मालवाहू कंटेनरमधून आली असावी, असे मानले जाते. ती आधी चावून पकड घेते आणि मग नांगीने पुन्हा पुन्हा डंख मारते. जागेची आग होते, दुसऱ्या दिवशी पांढरट फोड येतो. ॲलर्जी असेल तर जिवावरही बेतू शकते. नवजात वासरे, जमिनीवर घरटे करणारे पक्षी, सरडे यांनाही ती सोडत नाही. विजेच्या पेट्यांत शिरून बिघाड करते ते वेगळेच.

पुरातही ती बुडत नाही. हजारो मुंग्या एकमेकींना धरून तराफा करतात आणि राणीला घेऊन तरंगत जातात. मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड चक्रीवादळानंतर क्वीन्सलँडमध्ये असे तराफे दिसले होते. (तिची चुलत बहीण, ‘ट्रॉपिकल फायर अँट’, भारतात आधीपासून आहे, पण ती प्रजाती वेगळी.)

मारतात कशी?

वरवर फवारणी करून राणीपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून मक्याची भरड सोयाबीन तेलात भिजवून त्यात कीटकांची वाढ रोखणारे औषध मिसळतात. कामकरी मुंग्या हे दाणे खाऊ समजून आत नेतात आणि राणीला भरवतात. मग नवी पिढी तयार होत नाही, जुन्या मुंग्या मरत जातात आणि काही आठवड्यांत, कधी महिन्यांत वारूळ ओस पडते. वर्दळीच्या जागी थेट वारुळात कीटकनाशक सोडतात.

हे एकदा करून भागत नाही, फेऱ्या माराव्या लागतात. पाऊस आला की दाणे वाया. औषधाच्या भीतीने काही रहिवासी पथकाला फाटकातच अडवतात. माती, गवताच्या गाठी, लॉनच्या गुंडाळ्या हलवण्यावरही निर्बंध आहेत. ब्रिस्बेनमधल्या मराठी कुटुंबाला मोगऱ्याची कुंडी दुसऱ्या उपनगरातल्या मित्राकडे द्यायची तरी आधी नियम पाहावे लागतात.

मग घोडे अडले कुठे?

पद्धत चालते, हे सिद्ध झाले आहे. ग्लॅडस्टोनजवळच्या यारवनमध्ये २०१३ साली आणि सिडनीच्या बॉटनी बे बंदरात २०१४ साली सापडलेल्या मुंग्यांचे निर्मूलन झाले. न्यूझीलंडनेही ऑकलंड विमानतळावरचे वारूळ संपवले. या ठिकाणी प्रादुर्भाव लहान असतानाच पूर्ण ताकद लावली गेली.

आग्नेय क्वीन्सलँडमध्ये नेमके उलटे झाले. २०१७ मध्ये १० वर्षांसाठी ४१.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर झाले. २०२१ च्या आढावा अहवालाने हे तुटपुंजे असल्याचे सांगत १० वर्षांपर्यंत दरवर्षी २० ते ३० कोटी डॉलर लागतील, असा हिशेब मांडला. हा अहवाल लोकांसमोर यायला २०२३ उजाडले. त्यानंतर २०२३-२७ साठी ५९.३ कोटी ठरले, म्हणजे वर्षाला साधारण १५ कोटी. तज्ज्ञांनी मागितलेल्या किमान रकमेपेक्षाही कमी. मुंगी अंदाजपत्रकाची वाट पाहत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती सीमा ओलांडून न्यू साउथ वेल्समधल्या मरविलंबाला सापडली आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिस्बेनपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला, मोरनबाजवळच्या कोळसा खाणीत.

आता पुढे काय?

सध्याची योजना घोड्याच्या नालेसारखी आहे : प्रादुर्भावाच्या बाहेरच्या पट्ट्यात मुंगी पूर्ण संपवायची, आतल्या भागात तूर्त संख्या दाबून ठेवायची आणि पट्टा आत सरकवत न्यायचा. उद्दिष्ट २०३२ चे. हात टेकले तर काय होते, हे अमेरिकेत दिसते. तिथे विमानातून विषारी मायरेक्स टाकूनही मुंगी हटली नाही. उलट पर्यावरणाला घातक म्हणून मायरेक्सच बंद करावे लागले. आज अमेरिका या मुंगीपायी दरवर्षी अब्जावधी डॉलर मोजते. ऑस्ट्रेलियाने मंजूर केलेला निधी २०२७ मध्ये संपतो. पुढच्या ५ वर्षांचा आकडा केंद्र आणि राज्य सरकारांना त्याआधी ठरवावा लागेल.