मळसूत्राचा पेच

साहित्याच्या अभ्यासक्रमात 'गद्य' म्हटले की कथा, कादंबरी, ललितनिबंध, फार तर आत्मचरित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. एखादे अवजार कसे घडवावे याचे वर्णन आपण गद्यात धरत नाही. त्याची रवानगी 'उपयुक्त माहिती'च्या खात्यात करतो. ही वर्गवारी मला मान्य नाही. का, ते एका लाकडी मळसूत्राच्या उदाहरणाने सांगतो.

मळसूत्राला मराठीत 'पेच' असाही शब्द आहे आणि अडचणीलाही आपण पेचच म्हणतो. मनगटाएवढ्या जाड लाकडी दांड्याला आटे पाडू पाहणाऱ्यापुढे हे दोन्ही अर्थ एकदमच उभे राहतात. नटाच्या आत आटे पाडायचे तर पाडणारे अवजार प्रत्येक फेऱ्यास नेमके तेवढेच पुढे सरकले पाहिजे. म्हणजे त्या अवजारालाच आधी आटे हवेत. मग त्याचे आटे कोणी पाडायचे? लहान मापाची अवजारे विकत मिळतात. पण सुतारी टेबलाच्या वाईसला किंवा दाबयंत्राला लागणाऱ्या मोठ्या मळसूत्रासाठी कारागिराला बहुधा आपले अवजार आपणच घडवावे लागते.

या पेचाची उकल अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने 'मेकॅनिका' या ग्रंथात लिहून ठेवली आहे. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाचे पहिले शतक मानला जातो. मळसूत्राची रेषा म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेली काटकोन त्रिकोणाची तिरपी बाजू, हे त्यातले मर्म. ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा घेतला तर त्याचा परीघ सुमारे १५७ मिलिमीटर भरतो. दोन आट्यांत १२ मिलिमीटर अंतर हवे असेल, तर १५७ पाया आणि १२ उंची असलेला त्रिकोण कागदावर काढून दांड्यावर गुंडाळायचा, की एका फेऱ्याची रेषा मिळते.

या तत्त्वावर आजही अवजार करता येते. दांड्यावरच्या रेषेवरून करवतीने उथळ खाच पाडतात. दुसऱ्या फळीला दांडा जेमतेम जाईल एवढे भोक पाडून, तिच्यावर पत्र्याची पट्टी अशी बसवतात की तिची कड त्या खाचेत उतरेल. आता दांडा फिरवला की तो दर फेऱ्यास १२ मिलिमीटर पुढे जातो. दांड्याच्या टोकाशी पोलादी पाते बसवले, की ते नटाच्या भोकात आतून आटा कोरू लागते. एका दमात पूर्ण खोली घेऊ गेल्यास लाकूड फाटते; म्हणून प्रत्येक खेपेस पात्याखाली कागदाची एकेक घडी सारून ते किंचित वर उचलतात. असा नट तयार झाला, की त्याच्या तोंडाशी इंग्रजी व्हीच्या आकाराचे पाते बसवून बाहेरचे आटे पाडता येतात. पहिल्या आट्यासाठी आधीच्या आट्याची गरज पडली नाही. कागद, करवत आणि चिकाटी पुरली.

हेरॉनच्या या ग्रंथाची मूळ ग्रीक संहिता काही अवतरणे वगळता नष्ट झाली. संपूर्ण ग्रंथ आपल्याला ठाऊक आहे तो नवव्या शतकात कुस्ता इब्न लुका याने केलेल्या अरबी भाषांतरामुळे. डॅनिश अभ्यासक ए. जी. ड्राखमन यांनी १९३६ साली केवळ या आटे पाडणाऱ्या अवजारावर स्वतंत्र लेख लिहिला. संहिता, भाषांतर, अन्वयार्थ हा सारा आपलाच प्रांत नव्हे काय?

यावर आक्षेप येईल, की अशा लेखनात अनुभव नाही, शैली नाही. मला उलट वाटते. येथे प्रत्येक क्रियापदाला क्रम आहे. 'तो फिरवावा' असे लिहिताना 'तो' म्हणजे दांडा की नट हे संदिग्ध राहिले, तर वाचणाऱ्याचे लाकूड वाया जाते. संदिग्धतेची किंमत इतकी रोख मोजावी लागणारे दुसरे गद्य मला माहीत नाही.

आपल्याकडे सुताराचे आणि काताऱ्याचे ज्ञान बहुतांशी हातातून हातात गेले; कागदावर फारसे आले नाही. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांची गावातली जागा आणि त्यांचे हक्क दिसतात. पण तो गावाच्या घडीचा ग्रंथ आहे, घडवण्याच्या कृतीचा नव्हे. कारागीर गेला की त्याची कृती जाते आणि तिच्याबरोबर तिचे शब्दही जातात. या हानीची नोंद वाङ्मयेतिहासात होत नाही, कारण ती वाङ्मयाची हानी आहे असे आपण मानतच नाही.

म्हणून एक साधी सूचना. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याने एखाद्या कारागिराजवळ बसून एका अवजाराची घडण त्याच्याच शब्दांत लिहावी. मग ते लेखन दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे आणि त्याने त्यावरून ते अवजार करून पाहावे. ते चालले नाही, तर दोघांनी बसून कोणते वाक्य चुकले ते शोधावे. समीक्षेचा याहून प्रामाणिक तास मला तरी सुचत नाही.