आडवी बाटली

मैत्रिणींनो, 5 ऑक्टोबर 2020 ला राज्यातली हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेनं पुन्हा उघडले, तेव्हा मालकांच्या हालांचं मलाही वाईट वाटलं होतं. पण आता आमच्या इमारतीखालच्या बारची टेबलं फुटपाथवर आली आहेत. सोसायटीच्या सभेत पुरुषमंडळी अजून म्हणतात, "सोडा हो, बिचाऱ्यांचं कोरोनात नुकसान झालं."

मद्यत्याग हे आपलं व्रत. ते शेजाऱ्यांवर लादायचा हक्क आपल्याला नाही, असं मी मानते. पण रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम सगळ्यांचा आहे. चौविहार करून 9 ला आडव्या होणाऱ्या सासूबाईंचा आणि पिणाऱ्यांचाही!

वॉर्डातली दारूच बंद करायची, तर 2008 पासून वाट आहे: 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. मात्र यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीला मत द्यावं लागतं. म्हणजे घरी बसलेलीचं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं. प्रतिक्रमणाला वेळेवर पोचणाऱ्या आपण, सभेला मात्र "हे जाऊन येतील" म्हणतो.

मी तूर्त एवढंच मागणार आहे: टेबलं आत घ्या, 10 ला गाणी बंद करा. अर्ज लिहून ठेवलाय, सह्या हव्यात.