शिकायला वेळ कामातूनच द्या

मी इमारतींची आरसीसी ड्रॉइंग तपासते. भिंतीत लपणारे २३० मिलिमीटरचे कॉलम आजही माझ्या टेबलावर येतात. पुणे-मुंबई भूकंपक्षेत्र तीनमध्ये. तिथल्या भूकंपरोधक चौकटीत कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर हवी, असं आयएस १३९२० ही संहिता २०१६पासून सांगते. ड्रॉइंग काढणारे इंजिनिअर हुशार असतात. कॉलेज सुटल्यावर त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं, इतकंच. कोयना आणि किल्लारीचे भूकंप सोसलेल्या राज्यात हे चालतं, याचा मला संताप येतो.

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी टिकवायला पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाचे ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. माझ्या परवान्याच्या नूतनीकरणाला फी लागली, कागद लागले. नवं काय शिकलात, हे कुणी विचारलं नाही.

इंजिनिअरांनाही अशी सक्ती आली की प्रमाणपत्रांचा बाजार भरेल, ही भीती खरी आहे. म्हणून हॉटेलातली चर्चासत्रं मोजू नका. इंजिनिअरने स्वतःचंच जुनं डिझाइन नव्या संहितेनुसार पुन्हा करावं आणि ज्येष्ठाने ते तपासावं. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटीची व्याख्यानं फुकट आहेत. पण साइटवरून रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलीने ती पाहायची कधी? आठवड्यातला अर्धा दिवस, भरपगारी, कंपनीने द्यावा. सरकारी कामांच्या निविदांतच ही अट घाला.