परदेशातील मिळकत आणि पोटगीचा न्याय

वाशिम, कारंजा, रिसोड येथील सुशिक्षित कुटुंबांतील मुलीही आता परदेशी नोकरी करणाऱ्या वरांना दिल्या जातात, याचे कोणास नवल वाटत नाही. संसार सुखाचा झाला तर उत्तमच. परंतु तो मोडला आणि मुलगी माहेरी परतली, म्हणजे घर परदेशी, पैसा तेथील बँकेत आणि दाद मात्र वाशिमच्या न्यायालयात, अशी तिची अवस्था होते. तिच्या पदरी काय पडावे, याचा विचार समाजाने आणि सरकारने केलाच पाहिजे.

कायदा तिला दारातूनच परतवतो असे नाही. हिंदू विवाह कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीमुळे पत्नीला स्वतःच्या वास्तव्याच्या ठिकाणी अर्ज करता येतो. याच कायद्याच्या कलम २४ अन्वये दावा चालू असतानाच पोटगी व खर्च मागता येतो आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असे कायदाच सांगतो. पतीने परदेशात परस्पर मिळविलेला घटस्फोट येथे आपोआप मान्य होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केले आहे.

खरी अडचण मिळकतीची आहे. कलम २७ चा आवाका विवाहप्रसंगी अथवा त्या सुमारास उभयतांना मिळालेल्या समाईक वस्तूंपुरताच आहे. परदेशातील घराची वाटणी करून ताबा देवविण्याइतका येथील न्यायालयाचा हात लांब नाही. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, विवाहापूर्वी वेगळा करार झाला नसेल तर, पतिपत्नी मिळकतीचे निम्मे-निम्मे धनी असतात. महाराष्ट्रातील पत्नीला असा हक्क नाही. पतीच्या स्थावर मिळकतीत तिला वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले होते; पुढे लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले.

तथापि, जे घर वाटता येत नाही ते पोटगी ठरविताना हिशेबात धरता येते. कायम पोटगीसंबंधीचे कलम २५ उभय पक्षांचे उत्पन्न व इतर मिळकत पाहावयास सांगते. ती मिळकत भारतातच असावी, अशी अट त्यात नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उभय पक्षांवर मत्ता व दायित्वे प्रतिज्ञापत्राने उघड करण्याचे बंधन घातले. परदेशस्थाने तेथील चलनातील उत्पन्न पुराव्यासह सांगावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, हेही त्याच निर्णयात आहे. हा निर्णय विदर्भातील एका संसाराच्या कलहातून आला, याचे स्मरण येथील वकीलवर्गाने विशेष ठेवावे.

हे बंधन एकट्या पतीवर नाही. पोटगीची कलमे दोघांनाही खुली आहेत. मिळवती पत्नी आपले वेतन लपवील, तर तीही तितकीच दोषी. परदेशातील घरावर कर्ज असेल तर तेही मांडले जावे. आमचा आग्रह हिशेब खरा असावा एवढाच आहे.

म्हणून हे प्रतिज्ञापत्र कागदी सोपस्कार ठरता कामा नये. माहिती दडवून तारखांवर तारखा मागणाऱ्यास न्यायालयाने मुळीच सवलत देऊ नये. परदेशातील घरापर्यंत हुकूम पोहोचत नसेल. पण थकलेल्या पोटगीसाठी पतीच्या नावावरील येथील शेतीवर जप्ती आणता येते. अमेरिकेशी हुकमांच्या थेट बजावणीची परस्पर व्यवस्था नसल्याने तर या उपायाचे मोल अधिकच आहे.

अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी सर्वंकष कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आहे. त्या कायद्यात, संसारात उभ्या राहिलेल्या मिळकतीवर, ती जगात कोठेही असो, पत्नीचा वाटा मान्य झाला पाहिजे. आईबापांनीही पत्रिका आणि पगार पाहून न थांबता, परदेशातील घराच्या कागदावर मुलीचे नाव लागते की नाही, याची विचारपूस करावी. असा प्रश्न विचारण्यात संकोच कसला? संसार दोघांचा, तर त्याची मिळकतही दोघांचीच असली पाहिजे.