मराठी कळफलक व आमचीं मुलें

वरवंडच्या मुलांस मराठी टंकलेखन यावें, याविषयीं आतां कोणी वाद घालीत नाहीं. तें कोणत्या कळफलकावर शिकवावें हा प्रश्न मात्र आम्ही किरकोळ मानीत नाहीं. कारण बोटांस एकदां लागलेलें वळण सहसा सुटत नाहीं.

जुन्या टंकयंत्रांची मांडणी यंत्राच्या सोयीनें झाली. कळा थोड्या, अक्षरें फार. म्हणून ‘शिरूर’ लिहावयाचें तर प्रथम वेलांटी, मग अर्धा श, मग काना, अशी चाल करावी लागे. गोदरेज कंपनीनें २००९ सालीं टंकयंत्रें करणें थांबविलें, तरी तीच चाल पुष्कळांनीं संगणकावर नेली आहे. इंग्रजींतही असेंच घडलें. शोल्स यांचें यंत्र १८७४ सालीं विक्रीस आलें. पुढें १९३६ सालीं ऑगस्ट ड्वोरॅक यांनीं स्वर डाव्या हातास देऊन बोटांची धांव कमी करणारी मांडणी सिद्ध केली. परंतु जगाचा हात आधींच पहिलीवर बसला होता!

आमच्या भाषेसाठीं १९९१ सालीं भारतीय मानकांत मान्य झालेली इन्स्क्रिप्ट मांडणी आहे. तींत मात्रा डाव्या हाताखालीं व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताखालीं असल्यानें दोन्ही हात आळीपाळीनें चालतात. क व ख एकाच कळेवर. पाय मोडण्याची खूण मधल्या बोटाखालीं. आणि अक्षर उच्चाराच्या क्रमानें, आधीं श मग वेलांटी. ‘दौंड’ चार कळांत होतें, ‘वरवंड’ पांच कळांत, तेंही शिफ्ट न दाबतां. दोष नाहीं असें नव्हे. म, न, व हीं अक्षरें डावीकडे पडलीं, त्यामुळें ‘मनानें’ हा शब्द एकटा डावा हातच ओढतो.

मुलांचा ओढा मात्र मोबाइलवर रोमन अक्षरें टाकून मराठी उमटविण्याकडे दिसतो. रोमन लिपींत द व ड यांस बहुधा एकच अक्षर. तेव्हां ‘वरवंड’ मधील ड यंत्रानें ओळखावा, या आशेवर राहावें लागतें. आपल्या गांवाचें नांव लिहावयास यंत्राचा तर्क कां लागावा?

जुन्या मांडणीवर पोट भरणाऱ्यांस ती मोडावयास लावूं नये. आमचें म्हणणें प्रथमच कळफलकास हात लावणाऱ्या मुलांपुरतें आहे. आठवीस आठवड्यांतून दोन तास द्यावे. नवें यंत्रही घ्यावें लागत नाहीं, कारण ही मांडणी बहुतेक संगणकांत आधींच असते.