आक्काची सदाफुली

गणपती उठल्यावर अकोल्यास आक्काकडे गेलो होतो. (आपल्या नगर जिल्ह्यातले अकोले, विदर्भातले अकोला नव्हे. सरकारदरबारी नगरचे आता अहिल्यानगर झाले, आक्काच्या तोंडी मात्र नगरच.) सकाळी उठून पाहतो तो अंगणातली सदाफुली पार बोडकी! पाने शेजारच्या काकूंनी नेली होती. यजमानांना रक्ताचा कर्करोग. कोणीतरी कानात सांगितले, "इंजेक्शने कशाला? सदाफुलीचा काढा द्या. औषध तिच्यातूनच तर काढतात!"

पंचाईत अशी की, शेवटचे वाक्य खरे होते.

1952 साली जमेकाहून एका रुग्णाने कॅनडातल्या एका डॉक्टरांकडे सदाफुलीची 25 पाने धाडली. तिकडे मधुमेहावर त्यांचा चहा पीत. डॉक्टरांचे बंधू रॉबर्ट नोबल यांनी तो उंदरांना पाजून पाहिला. साखर तसूभर हलली नाही. मग अर्क टोचला, तर उंदीर जंतूंना बळी पडून पटापट मेले. रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या! ज्या रोगात या पेशी बेसुमार वाढतात, त्यावर हेच विष कामी येईल, हे ओळखण्यात सारी बुद्धी होती. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1958 मध्ये व्हिन्ब्लास्टिन जाहीर केले. त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात.

या शोधांत आपला माणूसही आहे, बरे का. नंदुरबारला 1925 साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढले, ते 1966 मध्ये. पुढे 1972 मध्ये तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडले. नाव असले, आणि गुण असा! त्यापायी चोरट्या तोडीने बिचाऱ्या झाडाचीच दशा झाली, ती गोष्ट निराळी.

काकूंकडे गेलो. चुलीवर हिरवा काढा रटरटत होता.

"काकू, सुमारे 500 किलो वाळल्या पानांतून ग्रॅमभर व्हिन्ब्लास्टिन निघते. दवाखान्यातले व्हिन्क्रिस्टिन एका वेळी बहुधा दोन मिलिग्रॅमच्या आतच, तेही शिरेतून, रक्त तपासून. या पातेल्यात किती आहे, कोण सांगणार? आणि इतर विषे आहेत ती वेगळीच."

"पण भाऊ, त्या इंजेक्शनांनी त्यांच्या बोटांना मुंग्या येतात. चमचा धरवत नाही."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

त्या गप्प राहिल्या. सांगितले नव्हते. डॉक्टर रागावतील म्हणून.

काकूंनी पदराने धरून पातेले उतरवले, परसात ओतायला निघाल्या आणि थबकल्या. "नको, गाय तोंड घालील." मग खड्डा खणून काढा त्यात पुरला, आणि हात धुताधुताच विचारले, "नाशिकची पहाटेची एस. टी. किती वाजता हो?"