माहेरची जमीन, किनाऱ्यावरचं हॉटेल आणि आपली सही

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं माहेर वेंगुर्ले तालुक्यात, समुद्राला लागून. वडिलांच्या मागे जमीन सामाईकच राहिली. आता भाऊ म्हणतात, “किनाऱ्यावर मोठं हॉटेल व्हायचं घाटतंय, भाव चांगला येतोय, तू फक्त हक्कसोडपत्रावर सही कर.” यजमान म्हणतात, “भावांशी वाकडं कशाला?” आणि आई म्हणते, “माझी विहीर तेवढी राहू दे.” ताई विचारतात, मी काय करू?

मैत्रिणींनो, हा प्रश्न काही या एकट्या ताईंचा नाही. वढूच्या आसपास, सणसवाडी-शिक्रापूरच्या पट्ट्यात कारखाने आले आणि शेतांचे प्लॉट पडले, ते तुमच्यापैकी कितीजणींनी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकरकमी आलेला पैसा गाडीत, बंगल्यात आणि लग्नात कसा विरतो, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

भावांचंही म्हणणं अगदीच खोटं नाही हं! कोकणात भाताच्या खाचरावर घर चालत नाही आणि मुलं मुंबईची वाट धरतात. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तो रोजगार यावा म्हणूनच. पण हॉटेल कुठे, किती आणि कुणाच्या जमिनीवर, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. शिरोडा-वेळागरला पर्यटनासाठी 1990 च्या दशकात जमीन संपादन झालं, आणि तेव्हापासून गावकऱ्यांचं त्यावर भांडण आहे. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला ‘सी वर्ल्ड’ प्रकल्प आणायचं ठरलं, तेव्हा शेकडो एकर जमीन जाणार म्हणून ग्रामस्थ विरोधाला उभे राहिले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रादेशिक आराखड्यात प्रत्येक जमिनीचा वापर ठरलेला असतो. नकाशात शेतीचा भाग बहुधा हिरवा असतो आणि राहण्याचा पिवळा. हिरव्याचा पिवळा झाला की त्याच मातीचा भाव कितीतरी पटींनी चढतो. म्हणजे माड तेच, विहीर तीच, फक्त कागदावरचा रंग बदलला! हा बदल होण्याआधी जो घेतो, फायदा त्याचा. आधी विकतो, त्याला हिरव्याचे पैसे मिळतात. म्हणून भावांना पहिला प्रश्न हाच विचारा, की देऊ केलेला भाव कुठल्या रंगाचा आहे?

दुसरा प्रश्न समुद्राचा. 1991 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामाला बंधनं आली. ग्रामीण भागात पहिल्या 200 मीटरमध्ये नवं बांधकाम जवळपास बंद झालं. 2019 च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर 50 मीटरवर आणलं. विरळ वस्तीच्या गावांना 200 मीटरच राहिलं. तेव्हा आपली जमीन नेमकी कुठल्या पट्ट्यात येते हे बघितल्याशिवाय कुणाच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

आईच्या विहिरीकडेही दुर्लक्ष नको. किनाऱ्याजवळ गोडं पाणी जमिनीखाली पातळ थरासारखं असतं. मोठमोठ्या पंपांनी ते बेसुमार उपसलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. पाणी खारट झालं तर घागर घेऊन लांब कुणी जायचं? आपणच! शिवाय कुंपण पडलं की रापण ओढणाऱ्यांची वाट आणि होड्या ठेवायची जागा राहील का, हेही आधीच कागदावर हवं.

“सरकारने ठरवलं, आता आपण काय करणार?” असं म्हणू नका. शेजारच्या गोव्यात 2006 साली प्रादेशिक आराखडा-2011 जाहीर झाला. डोंगर, बागायती आणि शेतं त्यात बांधकामासाठी मोकळी होताहेत, हे लोकांनी नकाशे उघडून पाहिलं. ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं, गावोगाव सभा झाल्या आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. आपल्याकडेही आराखड्यात बदल करायचा तर नोटीस काढून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. ती नोटीस छोट्या अक्षरात छापून येते आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळते, तिथेच सगळं फसतं.

तर ताई, हे एवढं करा. आधी सातबारा काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मानेच आहे. 2005 च्या कायद्यातला हा हक्क वडील त्याआधीच वारले असले तरी मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं आहे. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी मुलगी, मुलगा आणि आई सारखेच वारस. म्हणजे आईचाही वाटा आहे, नुसती विहीर नाही!

हक्कसोडपत्र नोंदवलं की सहसा मागे घेता येत नाही. म्हणून घाईत, सणावाराला, जेवणं झाल्यावर “एवढी सही कर गं” असं कुणी म्हटलं, तर कागद घरी आणा, वकिलाकडून वाचून घ्या आणि मग बोला. विकायचंच ठरलं तर सगळ्या वारसांनी मिळून एकच व्यवहार करा, विहीर आणि घराभोवतीची जागा वगळा, आणि पैसे आपापल्या खात्यात घ्या. विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने देता येईल का, किंवा घरातच पाहुण्यांची सोय करून चार पैसे मिळतील का, हेही भावांपुढे मांडा.

भावाशी वाकडं येईल ही भीती खरी आहे. पण विचारण्याने नातं तुटत नाही. न विचारता केलेली सही मात्र मनात सलत राहते. भाऊबीजेच्या ओवाळणीत आपण हक्क मागत नाही, आणि हक्काचा कागद ओवाळणीत देऊनही टाकू नये. आधी वाचावं, आईला विचारावं, मगच पेन हातात घ्यावं.